जीपची विटलेली गादी: १/३५ मॉडेलवर कॅनव्हास रंगवताना

आमचे अण्णा साताऱ्यात गाड्यांच्या सीटा शिवायचे. रिक्षा, ट्रॅक्स आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या जीप. दुकानाच्या मागच्या बाजूला उतरवलेल्या खोळींचा ढीग पडलेला असायचा आणि माझ्या लहानपणच्या दुपारी त्या ढिगावर गेल्या. कुठली खोळ ड्रायव्हरची आणि कुठली शेजारच्याची, हे अण्णा हात फिरवून सांगत. आज दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी विलीस जीपचं १/३५ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं प्लास्टिकचं मॉडेल रंगवायला बसते तेव्हा मला त्याच खोळी आठवतात.

कापड लोखंडासारखं झिजत नाही. लोखंडावरचा रंग टवका उडून जातो आणि खालचा धातू दिसतो. कापड मात्र उन्हानं विटतं, घासून विरतं, घामानं आणि तेलकट हातांनी काळवंडतं. रणगाड्याच्या चिलखतावर चालणारं चिपिंग, म्हणजे रंगाचे टवके उडाल्याचा भास, सीटवर वापरलं की गादी पत्र्याची वाटू लागते. कितीतरी सुंदर मॉडेल्स एवढ्या एका चुकीनं हातची गेलेली मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

मी टामिया या मॉडेल कंपनीची विलीस एमबी धरून सांगते, कारण तिचे फोटो भरपूर मिळतात आणि सीटा उघड्यावर असतात. गाडीला आणि सीटला एकच ऑलिव्ह ड्रॅब (अमेरिकी लष्कराचा मळकट हिरवा) देऊ नका. युद्धाच्या सुरुवातीचा अमेरिकी कॅनव्हास ऑलिव्ह ड्रॅब ३ या फिकट, खाकीकडे झुकणाऱ्या छटेचा होता. पुढे जास्त हिरवा आणि गडद ७ नंबर आला. वर्षभर उन्हात राहिलेला ३ नंबर जवळजवळ वाळक्या गवताच्या रंगावर जातो.

सीटा गाडीत चिकटवू नका. टूथपिकच्या टोकाला ब्लू टॅक (चिकट, पुन्हा सुटणारी पुटी) लावून त्यावर बसवा आणि वेगळ्या रंगवा. आधी साच्याची रेघ ब्लेडनं खरवडून ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून घ्या. मग गादीच्या मध्याला गोल पात्यानं अर्धा मिलिमीटर खोलगट भाग करा. १/३५ मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गादीवर पावणेदोन सेंटिमीटर, माणूस रोज बसून दबलेली गादी तेवढी खचतेच. कॅनव्हासची वीण कोरायच्या फंदात मात्र पडू नका. एक मिलिमीटरचा धागा या मापात ०.०३ मिलिमीटर होतो, तो डोळ्याला दिसतच नाही. कापडाचा भास रंगाच्या छटांतून आणायचा असतो.

राखाडी प्रायमर वाळला की बेस. व्हॅलेहो मॉडेल कलर या ॲक्रिलिक रंगांतले तीन थेंब खाकी (७०.९८८) आणि एक थेंब ऑलिव्ह ड्रॅब (७०.८८७), पाणी घालून ताकासारखं पातळ. दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पुढच्या छटेसाठी याच मिश्रणात बफ (७०.९७६) वाढवत जा. पांढरा घालू नका. पांढऱ्यानं खाकी खडूसारखी थंड पडते आणि उन्हाची ऊब निघून जाते.

ही फिकट छटा झिजलेल्या जुन्या ब्रशच्या टोकानं टिपत टिपत द्यायची, ओढायची नाही. ठिपके एकमेकांत मिसळले की विटलेल्या कापडाचा तो ढगाळ पोत येतो. मात्र सगळीकडे सारखं टिपू नका. इथेच अण्णांचा धडा कामी येतो.

माझी पहिली जीप मी मोठ्या हौसेनं अण्णांना दाखवली. त्यांनी शिवणकामाचं भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘अगं, हिचं स्टीअरिंग कुठल्या बाजूला आहे?’’ डावीकडे होतं. आणि मी ड्रायव्हरच्या गादीची उजवी कड विरवली होती, कारण माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडची, उजवीकडून चढायची गाडी होती. विलीसचा ड्रायव्हर डावीकडून चढतो. दिवसातून वीस वेळा त्याची मांडी त्या डाव्या कडेवरून घसरते, म्हणून पायपिंग (कडेची गोल शिवलेली पट्टी) तिथंच विरतं, शिवण तिथंच उसवते. मी ती सीट पुन्हा रंगवली. तेव्हापासून रंग उघडण्याआधी मी मनातल्या मनात गाडीत चढते-उतरते आणि अंग कुठे घासतं ते कागदावर मांडते.

विलीससाठी तो कागद साधारण असा असतो. ड्रायव्हरची डावी कड, शेजारच्याची उजवी कड. पुढच्या दोन्ही पाठींची वरची कड, कारण मागे बसलेला माणूस तिलाच धरून तोल सांभाळतो. तिथं रंग फिका नाही, उलट मळकट आणि किंचित चकचकीत हवा. आणि एक खास गोष्ट: विलीसची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या गादीखाली असते. पेट्रोल भरायला गादी उचलावीच लागते. ग्रीस लागलेल्या हातांनी शेकडो वेळा धरलेल्या त्या गादीच्या कडेला काळसर बोटांचे ठसे यायलाच हवेत. शेजारची गादी तेवढी मळत नाही. म्हणून दोन्ही गाद्या मी कधीच एका रंगाच्या ठेवत नाही. एक आधी फाटली, बदलली गेली, असं धरून दुसरीला थोडा हिरवा बेस देते.

आता ऑइल कलर. रॉ अंबर हा गडद तपकिरी रंग ट्यूबमधून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढा आणि अर्धा तास तसाच ठेवा. जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो, रंग मॅट वाळतो. तेलासकट लावलात तर कापडाला रेक्झिनची चमक येईल. मग व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून फक्त शिवणीच्या खाचेत ब्रशचं टोक टेकवा, तो आपोआप धावतो. खालचा ॲक्रिलिक किमान एक दिवस वाळलेला असू द्या. मी एकदा तासाभरात हे केलं आणि कोपऱ्यातला रंग साय निघावी तसा सुटून आला.

गाडी कुठली, हेही इथं पाहा. चिखलातल्या नॉर्मंडीची असेल तर शिवण गडद ठीक. ट्युनिशियाची असेल तर शिवणीत धूळ साठते आणि धूळ कापडापेक्षा फिकी असते. तिथं गडद वॉश, म्हणजे खाचेत सोडायचा हा पातळ रंग, अगदी हलका ठेवा, वर बफ रंगाची पिगमेंट पावडर बोटानं टिचकी मारून पाडा आणि मऊ ब्रशनं खाचेत ढकला.

टाके प्रत्येक काढत बसू नका. खाचेच्या बाजूनं ०००च्या ब्रशनं फिकट रेघ ओढा आणि ती मध्येमध्ये तोडा. रेघ तुटली की डोळा टाके स्वतःच भरतो.

फाटकं दाखवायचं तर एकच जागा निवडा. डाव्या कडेवर गडद तपकिरी, बारीक त्रिकोण. त्याच्या खालच्या ओठावर फिकट रेघ. आत दोन-तीन ठिपके मळक्या भुऱ्या रंगाचे, भरावाचे. ठिगळ हवं असेल तर टिश्यू पेपरचा चार बाय तीन मिलिमीटरचा तुकडा पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून चिकटवा आणि बेसपेक्षा हिरवट रंगवा. ठिगळाचं कापड नेहमी गादीपेक्षा नवं असतं. अण्णा ठिगळाचे कोपरे गोल कापत, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. मीही गोलच कापते.

शेवटी मॅट व्हार्निश. ते पूर्ण वाळल्यावर पाठीच्या वरच्या कडेवर आणि गादीच्या उचलायच्या जागेवर उघडं बोट आठ-दहा वेळा घासा. मॅट रंग तेवढाच दबतो आणि हात लागून गुळगुळीत झालेल्या कॅनव्हासची हलकी चमक येते. ग्लॉस बाटलीतून ती येत नाही. मग टूथपिकवरून सीट उतरवा, खालच्या बाजूला गोंदाचा एक थेंब लावा आणि शेजारची गादी केसभर तिरकी बसवा.