पावसाळी सल्ला: मेंढीची फुप्फुसं कुत्र्यापुढे टाकू नका

पाऊस लागला आहे, म्हणून फुप्फुसं पुरायचं काम लांबवू नका. मेंढी कापली किंवा मेली की तिची फुप्फुसं, काळीज कुत्र्यापुढे फेकायची सवय अजून सुटत नाही. कितीदा सांगितलं तरी तेच. त्या फुप्फुसांवरचे पांढुरके, टणक फोड कधी नीट पाहिलेत? आत पाणी तटतटून भरलेलं असतं आणि तळाला बारीक वाळूसारखे कण. त्या कणांतूनच कुत्र्याच्या आतड्यात हजारो पट्टकृमी तयार होतात.

कृमी जेमतेम 2 ते 7 मिलिमीटरचा, त्यामुळे विष्ठेत नजरेस पडत नाही. कुत्रंही धडधाकट दिसतं. पण सहा-सात आठवड्यांत अंडी पडू लागतात. कोरड्या, तापलेल्या मातीत ती लवकर मरतात, ओल्या मातीत महिनोनमहिने टिकतात. गवतातून ती मेंढीच्या पोटात जातात. न धुतलेली भाजी किंवा कुत्र्याला कुरवाळलेला हात, यातून माणसाच्या. मग यकृतात पाण्याची गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढते.

औषध एकच: प्राझिक्वाँटेल, किलोमागे 5 मिलिग्रॅम. 20 किलोच्या कुत्र्याला 100 मिलिग्रॅम. कळपाच्या कुत्र्याला दर 6 आठवड्यांनी. जंताच्या प्रत्येक गोळीत हे औषध नसतं, वेष्टनावर नाव वाचा. दुकानदार सोबत महागडं टॉनिक पुढे करेल. या कृमीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. गोळीने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा, विष्ठा खोल पुरा.

माझा ठोकताळा: दोन-तीन मेंढ्यांत फोड दिसले की कुत्र्यात कृमी आहे असं धरूनच चालायचं.

गाय व्यायली की वारही कुत्र्याला खाऊ देऊ नका. त्यातून निओस्पोरा नावाचा सूक्ष्म परजीवी कुत्र्यात जातो, त्याच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो आणि गाभण गाई गाभडतात.

बाकीची कामं:
- रेबीजची लस वेळेवर. कुत्रं चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, त्याच दिवशी लस घ्या.
- पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर 2 आठवड्यांनी गोलकृमीचं औषध.
- ओल्या मातीत अनवाणी नको, अंकुशकृमी कातडीतून शिरतो.
- लेप्टो (उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) टाळायला उंदीर आवरा, पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका.
- गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून ओढा.

फुप्फुसं पुरताना खड्डा कंबरभर खोल हवा, वर जड दगड. पावसाने माती सैल झाली की कुत्री उकरतात. उकरलेला खड्डा आणि काठावर अर्धवट खाल्लेलं फुप्फुस मी सकाळी जाऊन पाहिलं आहे.