क्लॅटमधील उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना ओळखताना या चुका टाळा

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी होणाऱ्या क्लॅट परीक्षेत 120 मिनिटांत 120 प्रश्न सोडवायचे असतात, उतारे वाचण्याचा वेळही त्यातच मोजला जातो आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे 0.25 गुण वजा होतो. या घाईत मध्यवर्ती कल्पनेच्या प्रश्नावर जे विद्यार्थी चुकतात, त्यांना उतारा समजलेला नसतो असे नाही. त्यांनी निवडलेला पर्याय बहुतेक वेळा खरा असतो. फक्त तो उताऱ्याच्या एका कोपऱ्यापुरता खरा असतो.

उदाहरणार्थ, भूसंपादनावरील एक इंग्रजी उतारा कल्पनेत आणा. पहिल्या परिच्छेदात 1894 च्या कायद्याचा भर मोबदल्यावर कसा होता हे सांगितले आहे. दुसऱ्यात 2013 च्या कायद्याची ओळख आहे: खासगी कंपनीसाठी जमीन घेताना 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती, पुनर्वसन आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास. तिसरा परिच्छेद ‘हाउएव्हर’ने सुरू होतो आणि लेखक म्हणतो की, अभ्यासाचा अहवाल गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला नाही, तर ही तरतूद कागदावरच राहते.

आता पर्याय पाहा. ‘खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के कुटुंबांची संमती लागते’ हा पर्याय अनेकांना भुलवतो, कारण तो उताऱ्यात जवळजवळ त्याच शब्दांत सापडतो. पण तो तपशील आहे. ‘1894 चा कायदा मोबदल्यापुरता विचार करणारा होता’ ही पार्श्वभूमी झाली. ‘2013 चा कायदा पूर्णपणे अपयशी ठरला आहे’ यात लेखकाची टीका असल्यासारखे वाटते, मात्र ‘पूर्णपणे’ हे त्याच्या तोंडी घातलेले आहे. त्याने एका अटीविषयी लिहिले आहे. योग्य पर्याय थोडा सपक वाटेल: ‘सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची तरतूद बाधितांच्या खऱ्या सहभागाशिवाय परिणामकारक ठरत नाही.’ हे वाक्य उताऱ्यातून जसेच्या तसे उचललेले नसते, आणि नेमके म्हणूनच विद्यार्थी त्याच्याकडे संशयाने पाहतात.

विषयालाच मुद्दा समजणे हीदेखील नेहमीची चूक. ‘भूसंपादन कायद्याचा इतिहास’ हा विषय आहे. लेखक त्याविषयी काय म्हणतो, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे पर्यायांकडे वळण्यापूर्वी ‘लेखक कशाविषयी काय म्हणतो’ असे एक वाक्य मनात, हवे तर मराठीतच, जुळवून घ्यावे. संपूर्ण उताऱ्याचे मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा वेळ तिथेच संपतो. एका वाक्यापुरते भाषांतर मात्र उपयोगी पडते.

दोन पर्यायांत अडकलात, तर उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचू नका. ‘पण’, ‘तथापि’ या अर्थाच्या शब्दानंतरचे वाक्य आणि शेवटचा परिच्छेद पाहा, कारण सुरुवातीला मांडलेले मत अनेकदा लेखक खोडून काढणार असतो. मग प्रत्येक पर्यायाला किती परिच्छेदांचा आधार मिळतो ते तपासा: एकाच परिच्छेदावर उभा असलेला पर्याय बाजूला ठेवा. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’ असे शब्द दिसले की तो पर्याय लगेच खोडायचा, ही मात्र सांगोवांगीची युक्ती आहे; लेखकानेच तितक्या ठामपणे लिहिले असेल, तर तेच उत्तर असू शकते.