कापूस घेतलात का?

गेल्या जूनमध्ये ठाण्यावरच्या डोंगरात, येऊरच्या आमच्या वाडीच्या फाटकाशी कुणीतरी बिस्किटांच्या खोक्यात मांजराची चार पिल्लं ठेवून गेलं. तीन जगली. चौथं माझ्यामुळे गेलं, म्हणून हे लिहून ठेवतेय.

खोक्यात सापडली तर टाकलेलीच समजा. पण पेंढ्यात किंवा लाकडांच्या ढिगाआड दिसली तर लगेच उचलू नका. मांजर जागा बदलताना एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, बाकीची तोवर मागे राहतात. लांब आडोशाला दोनेक तास थांबा. गोळा होऊन गप्प झोपली असतील तर आई येऊन-जाऊन असते. कुत्रे किंवा बोका घुटमळत असेल तर मात्र वाट बघू नका.

खोका, जुनी सुती साडी. गोणपाट नको, नखं अडकतात. गरम पाण्याची पिशवी, नाहीतर बाटली मोज्यात घालून. बल्बवर विसंबू नका, पावसात वर वीज कधी जाईल नेम नाही. पिशवी खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, उकडलं तर पिल्लाला सरकता आलं पाहिजे.

आणि कापूस.

दूध गाईचं नको, म्हशीचं नको, पाणी घालून पातळ केलेलंही नको. जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवात तेवढं पाणीच नसतं. मांजरपिल्लांची दूधपावडर मिळते, ती खाली ठाण्यातूनच घेऊन निघा. सोबत बिनसुईची छोटी सिरिंज. पिल्लू हाताला गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. गार अंगात दूध पचत नाही. पाजायचं पालथं धरून. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलंत तर दूध फुप्फुसात जातं. डोळे उघडले नसतील तर दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. गजर लावा, 'जाग येईलच' म्हणू नका.

आता कापसाचं. मी दोन दिवस अगदी वेळेवर पाजलं. पोटं टम्म झाली तशी मी खूश. शेजारच्या पाड्यावरची आजी बघायला आली, सगळ्यात लहान पिल्लाच्या पोटावर बोट ठेवून म्हणाली, "पोरी, हे दूध नाय, मूत हाय. आई चाटते ते कोण करल?" तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना आपणहून शू-शी होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात कापूस भिजवून, पिळून, शेपटीखाली हलक्या हाताने पुसत राहायचं, होईपर्यंत. प्रत्येक वेळी पाजलं की. प्रत्येक वेळी म्हणजे रात्री तीनच्या वेळीसुद्धा. आजीने साडीच्या पदरानेच तिघांना मोकळं केलं. चौथं तोवर दूधही घेईना, संध्याकाळपर्यंत गेलं. एक कापसाची गुंडाळी. दुकानासमोरून गेले होते मी, आणि घेतली नव्हती.

स्वयंपाकघरातला काटा हवा. रोज साधारण 10 ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर थेट डॉक्टर. पिसवांना बारीक फणी. कुत्र्यांच्या पिसवांचं औषध मुळीच नको, त्यात अनेकदा परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. खोका फिनेलने पुसायचा नाही. पॅरासिटामॉलचा थेंबसुद्धा नाही, कुणी कितीही सांगो. खोका स्टुलावर आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण सांडलेल्या दुधावर लाल मुंग्या येतात आणि पिल्लांनाही सोडत नाहीत. रात्री खोका पडवीत नाही, घरात. येऊरला बिबट्या आहे, वेगळं सांगायला नको.

तुम्हाला ओरखडलं, चावलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनला जा.

चौथ्या आठवड्यापासून ताटलीत मऊ खाणं, शू-शीसाठी माती भरलेली ट्रे. ती आपोआप शिकतात. जंताचं औषध डॉक्टर वजन बघून देतील. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, रेबीजची तीन महिन्यांनी. नसबंदी टाळू नका, नाहीतर पुढच्या जूनला खोकं तुमच्याच घरात. कुणाला द्यायची असतील तर दोन-दोन द्या.

आणि निघण्याआधी पिशवीत हात घालून बघा. कापूस.