नवोदित अभिनेत्याने समाजमाध्यमे कशी वापरावीत?

अभिनयात येऊ पाहणाऱ्या तरुणांना इन्स्टाग्राम टाळणे आता कठीण आहे, कारण अंधेरी-वर्सोव्यातील कास्टिंग करणारी मंडळी नवा चेहरा शोधताना तेथेही पाहतात आणि काही निर्माते फॉलोअर्सचा आकडासुद्धा विचारतात. म्हणून खाते अवश्य ठेवावे. मात्र ते चाहत्यांसाठी आहे की भूमिका देणाऱ्या माणसासाठी, हे आधी ठरवावे. नवोदिताला गरज असते ती दुसऱ्या प्रकारच्या खात्याची.

सर्वांत आधी लिप-सिंकचे रील कमी करावेत. त्यांत ओठ तुमचे आणि आवाज दुसऱ्याचा असल्यामुळे तुमचे उच्चार, श्वास आणि विराम यांपैकी काहीच पाहणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी स्वतःच्या आवाजातील एकेका मिनिटाची दोन स्वगते, त्यांतील एक आपल्या बोलीतले, प्रोफाइलवर सर्वांत वर पिन करून ठेवावीत. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी अस्सल बोलता येणे हे मोठे भांडवल आहे, आणि ते लपवणारी मुले पाहिली की मला फार वाईट वाटते.

रीलची एक सवय अभिनयाला विशेष बाधते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत प्रेक्षक थांबावा म्हणून भाव सुरुवातीलाच टोकाला नेला जातो आणि नजर थेट लेन्समध्ये रोखली जाते. दृश्यात मात्र बहुतेक वेळा समोरच्या पात्राचे ऐकायचे असते आणि ऐकता ऐकता बदलायचे असते. त्यामुळे ऑडिशन घरून पाठवताना वेगळी सूचना नसल्यास मोबाइल आडवा ठेवावा, मागे साधी भिंत आणि समोरून उजेड घ्यावा, समोरच्या पात्राची वाक्ये वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी शेजारी उभे करावे व नजर त्याच्याकडे ठेवावी. आरंभी नाव, वय, उंची, शहर आणि येणाऱ्या भाषा सांगून चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात. फिल्टर मुळीच लावू नये.

ऐकण्याचा हा सराव मोबाइलवर एकट्याने होत नाही. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांतून मराठी रंगभूमीला आणि पडद्याला इतके नट मिळाले, त्यामागे महिनोन्महिने चालणाऱ्या तालमी आहेत. तालमीची वेळ रीलच्या चित्रीकरणासाठी मोडू नये, एवढा नियम तरी पाळावा.

आपल्या कामाच्या मूळ फाइली स्वतःजवळ ठेवाव्यात. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा अनेकांनी मेहनतीने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत हातचा गेला. काम मिळाल्यावर सेटवरील छायाचित्रे, वेशभूषा किंवा कथेचा धागा निर्मात्याच्या परवानगीशिवाय टाकू नये. करारात त्याबाबत अट असू शकते.

शेवटी फसवणुकीविषयी. ऑडिशनसाठी, कलाकार संघटनेचे ‘कार्ड’ (सदस्य ओळखपत्र) काढून देण्यासाठी किंवा पोर्टफोलिओसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या संदेशाला उत्तर देऊ नये. संदेश नामवंत कास्टिंग दिग्दर्शकाच्या नावाने आला असला, तरी त्यांच्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे चौकशी करावी आणि हॉटेलच्या खोलीत भेटण्यास स्पष्ट नकार द्यावा. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि संभाषण पुसून न टाकता त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.