थिनर हाताळताना: पेंट शॉपमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

भोसरी एमआयडीसीतल्या एका स्प्रे पेंटिंग शॉपचा मी सुपरवायझर आहे. नवीन पोरगं आलं की मी त्याच्या हातात लगेच गन देत नाही. आधी थिनरचा डबा कसा उघडायचा, कसा ओतायचा आणि झाकण कधी लावायचं ते शिकवतो. झाकण कधी लावायचं, तर ओतून झाल्याबरोबर. ‘आत्ता परत लागणार आहे’ असं म्हणत डबा दिवसभर उघडा ठेवायचा नाही. मास्क, हातमोजे, एक्झॉस्ट या सगळ्याचा नंबर त्यानंतर.

कारण हिशोब बघा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये मुख्य माल असतो टोल्युइन. १०० मिली टोल्युइन, म्हणजे साधारण अर्धा पेला, दहा बाय दहाच्या बंद खोलीत पूर्ण उडालं तर हवेत त्याचं प्रमाण ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) आसपास जातं. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम दिली होती. कामाच्या जागेसाठी अशा मर्यादा सुचवणारी अमेरिकेतली एसीजीआयएच ही संस्था तर २० च धरते. आणि ५०० च्या वर जिवालाच धोका मानतात. उघड्या बादलीतून अर्धा पेला उडायला किती वेळ लागतो, ते मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काम केलेल्याला सांगायला नको.

नाकावर भिस्त ठेवू नका. सकाळी शिरताना वास भपकन येतो आणि थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. वाफ तिथेच असते, नाक सरावलेलं असतं. मग डोकं जड होतं, मळमळतं, चढल्यासारखं वाटतं. कोणी उगाच हसायला लागला किंवा तोल सांभाळत चालायला लागला, तर त्याची चेष्टा करू नका, त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा. वर्षानुवर्षांच्या संपर्काने स्मरणशक्ती आणि रंग ओळखण्याची नजर मंदावते. ऐकूही कमी येतं, त्यात कॉम्प्रेसरचा आवाज भर घालतो. शेड मॅचिंगवर, म्हणजे रंगछटा जुळवण्यावर पोट असलेल्या माणसाने यातल्या नजरेचा तरी विचार करावा. गरोदर बाईला या कामावर ठेवूच नये.

वाफ हवेच्या तिप्पट जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत सरकते आणि खड्ड्यात, गटारात साचते. एक्झॉस्ट खाली हवा, आणि फ्लेमप्रूफ (बाहेरची वाफ पेटू न देणाऱ्या) मोटरचा. छताचा पंखा ती फक्त घुसळतो. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, जेमतेम ४ अंश सेल्सियस आहे. म्हणजे डिसेंबरच्या पहाटेही एक ठिणगी पुरते. आगीवर पाणी मारू नका. टोल्युइन पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. फोम, ड्राय पावडर किंवा सीओटू वापरा.

आता सगळ्यात वाईट खोड: ड्रममध्ये नळी घालून तोंडाने ओढणं. एक घोट फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. कोणी गिळलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, कारण उलटीबरोबर तेच फुफ्फुसात उतरतं. डब्याचं लेबल घेऊन तडक दवाखाना गाठा. दोनशे लिटरच्या ड्रमला हातपंप लावा. ओतताना भांडं धातूचं घ्या, ड्रम आणि भांडं क्लिपच्या तारेने जोडा आणि ड्रमला अर्थिंग द्या. प्लॅस्टिकच्या बादलीत उंचावरून धार सोडली की स्टॅटिक (स्थिर वीज) साठतं आणि त्याची ठिणगी उडते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोणाला पटत नाही.

काम सुटताना थिनरने हात धुणं ही दुसरी खोड. कातडीतलं तेल निघून जातं, भेगा पडतात, आणि थोडं थिनर अंगातही मुरतं. ओल्या रंगावर आधी गोडेतेल चोळा, पुसा, मग साबण लावा. निळे पातळ नायट्राइल मोजे टोल्युइनपुढे काही मिनिटंच टिकतात. ते फक्त शिंतोड्यांपुरते, भिजले की फेकायचे. पार्ट बुडवून धुणार असाल तर व्हायटॉनचे (एक खास रबर) मोजे घ्या. महाग आहेत, मालकाशी भांडावं लागेल. भांडा.

रुमाल किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज लागतं, युरोपियन खुणेत त्याला तपकिरी पट्टा असतो. स्प्रेसाठी त्यावर फवाऱ्याचे थेंब अडवणारा प्री-फिल्टरही हवा. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही. कार्ट्रिज उघड्यावर टांगलं तर रात्रभर वाफ शोषत राहतं, म्हणून पिशवीत घट्ट बंद करून ठेवा. टू-के पीयू (दोन भाग मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. तिथे बाहेरून हवा पुरवणारा मास्कच घ्या. आणि टाकीच्या आत कोणी कोसळला तर श्वासाच्या उपकरणाशिवाय मागे उतरू नका, नाहीतर दोघांना काढावं लागतं.

सुटं, बिनलेबलाचं थिनर घेऊ नका. त्यात मिथेनॉल असलं तर ते डोळ्यांची नस घालवतं. दुकानदाराकडे एसडीएस (मालाचं सुरक्षा माहितीपत्रक) मागा. निदान तिसरा, चौथा आणि आठवा भाग वाचा: घटक, प्रथमोपचार, मर्यादा आणि संरक्षण.

चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. वापरलेलं थिनर गटारात नाही, घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणी जातं. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते ९० दिवसांवर साठवता येत नाही. रिकामा ड्रम भंगारवाल्याला गॅस कटरने कापू देऊ नका. भरलेल्यापेक्षा रिकामाच जास्त फुटतो, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

संध्याकाळी पिणाऱ्यांना वेगळं सांगतो. दारू पोटात असली की शरीर टोल्युइन सावकाश बाहेर टाकतं. आणि अंगात टोल्युइन किती गेलं यासाठी लघवीची तपासणी कराल तेव्हा शिफ्ट संपताना नमुना द्या आणि ऑर्थो-क्रेसॉल बघायला सांगा. टोल्युइनपासून शरीरात ते आणि हिप्युरिक अॅसिड बनतं. लॅब हिप्युरिक अॅसिडच करत असेल तर आदल्या दिवसापासून बाटलीतलं लोणचं, सॉस, कोल्ड्रिंक बंद ठेवा. त्यातल्या सोडियम बेंझोएटनेही (टिकवण्यासाठी घालतात ते) तो आकडा वाढतो.