कण्हेरीची पानं तोडायला निघण्यापूर्वी

पानांवरून हवेतले धातू तपासायचे तर आधी पाऊस पूर्ण थांबू द्या. एक जोरदार सर आली की पानावरची बरीचशी धूळ धुऊन जाते, म्हणून नाशिकमध्ये दिवाळीनंतरचे कोरडे आठवडेच धरावेत. युरोपात हे काम मॉसवर, म्हणजे मखमली शेवाळावर करतात. त्याला खरी मुळं नसतात, त्यामुळे ते बहुतांश हवेवर आणि पावसावर जगतं. आपल्याकडे ते हिवाळ्यात वाळतं, तेव्हा कण्हेर बरी. बारमाही हिरवी असते, दुभाजकावर सापडते आणि बंगल्याच्या कुंपणालाही. मात्र सगळीकडे कण्हेरच घ्या, निम्मी कण्हेर निम्मा कडुनिंब असं नको.

जागा आधी ठरवा: सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती, वाहतुकीचा द्वारका चौक, औष्णिक वीजकेंद्र असलेला एकलहऱ्याचा परिसर. गंगापूर धरणाकडची, रस्त्यापासून बरीच आत असलेली एक जागा तुलनेसाठी हवीच; ती नसेल तर बाकीचे आकडे कशाशी ताडायचे?

पिशवीत हातमोजे हवेत (कण्हेर विषारी आहे, चीक डोळ्यात जाता कामा नये), कागदी पाकिटं, पेन्सिल. स्टीलची कात्री घरी ठेवा. स्टीलमध्ये निकेल आणि क्रोमियम असतं आणि आपण तेच शोधतोय. पानं हातानेच खुडा. कण्हेरीला पानं तीन-तीनच्या फेऱ्यात लागतात. शेंड्याचे कोवळे फेरे सोडून त्याखालची पक्की पानं, डोक्याइतक्या उंचीवरची, झाडाच्या चारही बाजूंनी घ्या. पाकिटाला स्टेपलर मारू नका.

झाडाखालची मूठभर मातीही वेगळ्या पाकिटात आणा. हे बहुतेक जण विसरतात आणि इथेच सगळं काम वाया जातं. आपली माती बेसॉल्टची, म्हणजे काळ्या लाव्हा खडकापासून झालेली. तिच्यातच लोह, टायटॅनियम भरपूर आणि तांबं, निकेलही असतं. पानावर लोह जास्त निघालं म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. प्रयोगशाळेला शिसं, कॅडमियम, जस्त, निकेल, क्रोमियम यांच्यासोबत ॲल्युमिनियमही मोजायला सांगा. ते मुख्यतः मातीतूनच येतं, म्हणून त्यावरून मातीचा वाटा ताडता येतो. किती ग्रॅम वाळलेला नमुना लागेल ते आधीच फोन करून विचारा. निम्मी पानं डिस्टिल्ड वॉटरने धुऊन द्या, निम्मी तशीच. फरकावरून पृष्ठभागावर किती बसलं होतं ते कळतं.

निकाल किलोला मिलिग्रॅममध्ये येईल. हवेतल्या शिशाची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तिच्याशी हा आकडा थेट लावू नका. पान जागेजागेतला फरक दाखवतं, हवेतलं प्रमाण मोजायला यंत्रच लागतं.