पार्टिशन उडवलं अन् ग्रब रेस्क्यू आलं? फॉरमॅट मारू नका लगेच
राजेहो, लॅपटॉप चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर 'नो सच पार्टिशन' (म्हणजे डिस्कचा तो भाग सापडत नाही) अन् खाली ग्रब रेस्क्यू (ग्रब म्हणजे उबुंटू सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) दिसलं की घाबरून तालुक्याला फॉरमॅट मारायला धावू नका, डेटा बहुतेक वेळा जागच्या जागीच असते. मी मागं जुन्या एमबीआर (पार्टिशनची यादी ठेवायची जुनी पद्धत) डिस्कवरचं एक रिकामं लॉजिकल पार्टिशन (मोठ्या पार्टिशनच्या आतलं) उडवलं त पुढच्याचे नंबर सरकले, उबुंटूचं (विंडोजसारखी लिनक्स सिस्टिम) 6 चं 5 झालं, अन् ग्रब बिचारं 6 च शोधत बसलं. तिथंच एलएस (यादी दाखवणारी कमांड) टाइप करा, जे नावं दिसतील ते एकेक करून, मागं स्लॅश लावून, परत एलएसनं पाहा, ज्याच्यात बूट फोल्डर निघते ते आपलं. मंग सेट रूट त्या पार्टिशनवर, सेट प्रीफिक्स त्याच्याच बूट स्लॅश ग्रबवर, मंग इन्समॉड नॉर्मल, शेवटी नुसतं नॉर्मल. मेनू येते. पण हे त्या एका वेळेपुरतंच, म्हणून उबुंटू उघडल्याबरोबर टर्मिनलमध्ये सुडो (अॅडमिनचा हक्क देणारा शब्द) लावून ग्रब-इन्स्टॉल अख्ख्या डिस्कवर मारा, म्हणजे नुसतं एसडीए (डिस्कचं नाव), नंबर नाही लावायचा (मी इथंच चुकलो होतो), अन् मंग अपडेट-ग्रब.

हो, पार्टिशन लहानमोठं करताना बॅटरी फुल ठेवा, आमच्याकडं लाइन कधी जाईन सांगता येत नाही.